वर्दळ नसलेली पाखाडी

आमच्या वरच्या वाडीतून देवळाकडे उतरणारी पाखाडी बंद व्हायची वेळ आली, तेव्हा तसं उघडपणे कुणीच म्हणालं नाही. जमिनीचा व्यवहार झाला, मोजणीवाले येऊन गेले, हद्दीच्या खुणा लागल्या, भिंतीसाठी चिऱ्याचे, म्हणजे जांभ्या दगडाचे, ट्रक खाली झाले. पंचायतीत जाऊन विचारलं तर उत्तर आलं, "त्या वाटेनं आता जातं कोण हो, ताई? सगळे डांबरीनंच जातात." उत्तर देणारा गावातलाच, माझ्याहून बराच लहान, कामसू मुलगा आहे. त्याला मनापासून तसंच वाटत होतं. मी मात्र तेव्हापासून त्या प्रश्नाशी भांडते आहे. 'जातं कोण' असं विचारतात खरं, पण उत्तर ऐकायला कुणी थांबत नाही. म्हणून हे लिहायला बसले.

कोकणाबाहेरच्या वाचकांसाठी आधी पाखाडी कशी असते ते सांगते. रत्नागिरी जिल्ह्यात गाव एका जागी वसलेलं नसतं. सड्यावर म्हणजे माथ्यावरच्या पठारावर एक वाडी, उतारावर दोन, खाली पऱ्याकाठी म्हणजे ओढ्याकाठी आगरं, त्याच्या पलीकडे देऊळ, असं ते डोंगरभर पसरलेलं असतं. या वाड्यांना जोडणारी जांभ्या दगडाच्या पायऱ्यांची वाट, दोन्ही अंगांना रचलेले गडगे म्हणजे दगडी बांध, ती पाखाडी. तिच्यावरून बैलगाडी कधी गेलीच नाही. डोक्यावर भारा घेतलेली दोन माणसं समोरासमोर आली तर एकानं गडग्याला पाठ लावून उभं राहायचं, एवढीच तिची रुंदी. आमची पाखाडी वरच्या वाडीतून निघते, फणसाखालून वळते, पऱ्यावरचा साकव, म्हणजे छोटा पूल, ओलांडते आणि मग आंब्याच्या कलमांच्या एका बागेत शिरते. बाग खासगी आहे, पहिल्यापासूनच होती. बागेतून शंभर-दीडशे पावलं चाललं की पलीकडे बाहेर पडतो आणि तिथून देऊळ, शाळा, एसटीचा थांबा सगळं हाकेवर. सगळा वाद या शंभर-दीडशे पावलांचा आहे.

बागेत शिरताना आणि बाहेर पडताना दोन बेडी, म्हणजे बांबूंची साधी फाटकं, होती. आता एकच उरलं आहे. दोन बाजूंना चिऱ्याचे खांब, खांबांना समोरासमोर आरपार भोकं आणि त्यांत आडवे सरकवलेले तीन बांबू. गुरांना आत येता येत नाही, माणसाला येतं. धडधाकट माणूस खालचे दोन तसेच ठेवून वरचा तेवढा सरकवतो आणि ढांग टाकून जातो. पोरं खालच्या दोहोंमधून वाकून पार होतात. म्हाताऱ्या माणसासाठी तिन्ही काढायचे आणि ते पलीकडे गेले की पुन्हा घालायचे, हे ज्याच्या त्याच्या अंगवळणी पडलेलं. वरचा बांबू मधोमध, जिथे हात पडतो तिथे, तुळतुळीत आणि काळसर झाला होता. टोकांकडे तो तसाच खरखरीत. खांबाच्या पायथ्याशी एका चिऱ्यावर पाऊल टेकवून टेकवून खळगा पडलेला, पावसाळ्यात त्यात पाणी साचायचं. जमीन बागवाल्याची, जाणंयेणं सगळ्यांचं, हे दोन्ही त्या तीन बांबूंत मावत होतं. बांबू पुन्हा घालायला विसरलं आणि गुरं आत गेली तर बागवाल्याची बोलणी खायची, आणि ती मुकाट्यानं खायची, कारण चूक वाटसरूची. त्यानं मात्र कधी बांबूंच्या जागी भिंत घातली नाही.

आता 'जातं कोण' याचं उत्तर.

वरच्या वाडीतून डांबरी रस्त्यानं देवळाकडे जायचं तर सड्यावरून मोठा वळसा पडतो. दुचाकी असेल तर तो वळसा कळतही नाही. ज्याच्याकडे ती नाही त्याला तो उन्हात, चढ-उतारावर, एका बाजूनं डंपर जात असताना चालावा लागतो. मग कोण चालतं? बागेपलीकडच्या अंगणवाडीत लहानग्याला सोडणारी आई चालते. तिचा नवरा मुंबईत आणि स्कूटर त्याच्या भावाकडे. शाळेतली दोन-तीन पोरं चालतात, सकाळी उतरतात आणि दुपारी चढतात. शाळेचा पट किती घसरला आहे हे सगळ्यांनाच माहीत आहे, म्हणजे पोरंही कमी. कुणाच्या ना कुणाच्या बागेत रोजानं जाणाऱ्या बायका चालतात, पण त्या उजाडताना जातात आणि तिन्हीसांजेला येतात. सकाळी अकरा वाजता वाट बघायला उभं राहिलं तर त्या दिसणारच नाहीत. पोस्टमन चालतो. लाईन गेली की वायरमन तारेखालून तारेखालून याच वाटेनं येतो. आणि वरच्या वाडीतली एक काकी चालते, सत्तरीच्या पुढची, दर सोमवारी देवळात. तिला कुणी गाडीवर बसवतो म्हटलं तर ती बसत नाही. गाडीची भीती वाटते म्हणते. मला वाटतं, तिला कुणाचे उपकार नको असतात.

ही रोजची वर्दळ झाली. ती थोडी आहे, हे मी नाकारत नाही. पण वाटेचं माप रोजच्या वर्दळीवर काढणं हेच मला मुळात चुकीचं वाटतं. गौरी-गणपतीच्या विसर्जनाला अख्ख्या वरच्या वाडीचे गणपती एकामागून एक याच पाखाडीनं पऱ्याकडे उतरतात. डोक्यावर गणपती, पुढे टाळ-मृदंग, मागे पोरंटोरं, पाऊस असो नसो. पायरी कुठे निसरडी आहे ते पुढचा मागच्याला ओरडून सांगत जातो. शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी घरोघर जाते आणि तिची वाट ठरलेली असते. कुठल्या घराहून कुठल्या घरी, कुठे खाली टेकवायची, कुठे नाचवायची, हे मानकरी ठरवत नाहीत. ते पूर्वीपासून ठरलेलं आहे. ती पालखी बागेतून जाते, आणि बागेच्या जुन्या मालकाकडे तिथेच थांबून ओटी भरली जायची. ज्याला आपण 'वर्षातून एकदा' म्हणतो त्या एकदासाठी गाव वर्षभर वाट बघतं. शिमग्याची सुट्टी मिळाली नाही तर नोकरी सोडून आलेली माणसं आमच्याकडे आहेत.

आणि आजारपण. पावसात वरच्या वाडीचा रस्ता दरड येऊन बंद पडला, की माणसाला खुर्चीत बसवून, खुर्चीला दोन वासे बांधून, चौघांनी खांद्यावर घेऊन उतरवायचं ते याच पायऱ्यांवरून. असं दरवर्षी होत नाही. पण होतं त्या रात्री दुसरी वाट नसते. त्या रात्रीची वर्दळ कुठल्या नोंदवहीत धरायची?

ही वाट कागदावर का नाही, असं शहरातली मंडळी फार सहज विचारतात. त्याचं कारण आमच्या जमिनीच्या इतिहासात आहे. कोकणात खोती होती. गावची बहुतेक जमीन एका खोताच्या हाताखाली, कसणारी कुळं. कुळानं कुठून जावं-यावं याची नोंद ठेवायची गरजच पडत नव्हती, कारण वाट ज्याच्या जमिनीतून जाते तो आणि जिथे पोचते ती जमीन ज्याची तो, बहुतेक वेळा एकच माणूस. मग १९४९चा खोती निर्मूलन कायदा आला, त्याच सुमाराला १९४८चा कुळकायदा आणि पुढे १ एप्रिल १९५७चा कृषकदिन. जमिनी कुळांच्या नावावर झाल्या. झालं ते न्यायाचंच झालं, आमच्या घराण्याचं त्यात काही गेलं असलं तरी मी हेच म्हणेन. पण एकसंध जमिनीचे तुकडे पडताना त्यांच्यातून जाणाऱ्या वाटा कुणी वेगळ्या काढून ठेवल्या नाहीत. सर्व्हे नंबर झाले, हिस्से झाले, पोटहिस्से झाले, आणि पाखाडी दहा-बारा जणांच्या सातबाऱ्यांतून, एकाच्याही सातबाऱ्यावर न दिसता, चालत राहिली.

जुन्या मध्यप्रांतात निराळी पद्धत होती. विदर्भातल्या गावांसाठी 'वाजिब-उल-अर्ज' नावाचं दफ्तर असतं. गावातली वहिवाट, पाण्याचे हक्क, जाण्यायेण्याचे हक्क त्यात लिहून ठेवायचे, आणि १९६६च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेतही त्याला जागा आहे. असं काही आमच्याकडे रुजलं असतं तर आज अर्ध्या कज्ज्यांची गरज पडली नसती. आमच्याकडे आहे तो गावनकाशा. त्यावर गाडीवाट दुहेरी तुटक रेषेनं आणि पायवाट एकेरी तुटक रेषेनं दाखवतात. भूमिअभिलेखातून नक्कल काढली तेव्हा आमच्या पाखाडीचा वरचा तुकडा त्यावर दिसला, साकवापर्यंत. तिथून पुढे कोरं. नकाशा करणारा साकवाशी येऊन परत फिरला असावा, असं एका जुन्या माणसानं मला सांगितलं. त्या काळी पावसात साकव वाहून जायचे म्हणे. खरंखोटं कुणास ठाऊक, पण कोऱ्या जागेचा अर्थ कचेरीत 'वाट नाही' असाच होतो.

पंचायतीकडे रस्त्यांची नोंदवही असते, 'तेवीस नंबर' म्हणतात तिला. तेवीस नंबरला वाट चढली की तिच्यावर पैसा खर्च करता येतो आणि अडवणाऱ्याला हटकता येतं. पण ती चढवायची तर ज्यांच्या जमिनीतून वाट जाते त्यांची संमती लागते. आमच्याकडच्या एकेका सातबाऱ्यावर पंधरा-पंधरा, वीस-वीस नावं. त्यांतले निम्मे मुंबईत, काही गेलेले आणि वारस लागलेले नाहीत, एखादी आत्या लग्न होऊन गेलेली आणि तिचं नाव लावायचंच राहिलेलं. त्या सह्या गोळा करायच्या तर मे महिन्यात किंवा गणपतीत. एकाचं मन राखायला गेलं तर दुसऱ्याचं दुखतं. म्हणून पाखाड्यांची नोंद कुणी करत बसलं नाही. नोंदीवाचून सगळं सुरळीत चाललं होतं, हेही तितकंच खरं.

कायदा काय म्हणतो ते मी जमेल तेवढं समजून घेतलं. वाट अडवली तर तहसीलदाराकडे जाता येतं, १९०६च्या मामलेदार न्यायालय कायद्याच्या पाचव्या कलमाखाली. हा कायदा जुना आहे, सोपा आहे, वकिलाशिवायही चालवता येतो, आणि शेतकऱ्यांना त्यानं खूप हात दिला आहे. पण त्यात दोन गोष्टी आहेत. एक म्हणजे तो शेताकडे जाणाऱ्या वाटांचा आहे. देवळाकडे आणि शाळेकडे जाणारी वाट त्यात बसवायला ओढाताण करावी लागते. दुसरी म्हणजे अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत दावा लावावा लागतो. रोज शंभर माणसं जातात ती वाट अडली तर त्याच दिवशी बोंब होते. थोडी माणसं जातात त्या वाटेचं काय होतं? नोव्हेंबरात एक बेडं गेलं आणि तिथे तार आली. रोजच्या बायकांनी तारेखालून वाट काढली, कारण भांडण करून रोज बुडवायला त्यांना परवडत नाही. गावाला खरं कळलं ते शिमग्यात, पालखी तारेशी येऊन थांबली तेव्हा. तोवर चार महिने उलटले होते. पालखी नसती तर सगळ्यांना कळायला गणपती उजाडले असते, आणि मुदत केव्हाच टळली असती.

महसूल संहितेचं १४३वं कलम आहे, त्याखाली तहसीलदार बांधावरून रस्ता देतात. तेही जमीन असलेल्याला. पाखाडीनं चालणाऱ्या रोजंदार बायकांच्या नावावर कुठे जमीन आहे? मग उरतो १८८२चा सुविधाधिकारांचा कायदा. वीस वर्षं बिनतक्रार, उघडपणे, हक्कानं वापर केला तर जाण्यायेण्याचा हक्क मिळतो. आणि त्याच कायद्यात हेही आहे की वीस वर्षं वापर केला नाही तर तो हक्क विझतो. म्हणजे वापर मोजला जातो, आणि मोजताना पावलं कोणाची आहेत हे बघितलं जात नाही. २०२५ साली शासनानं शेतरस्ते किमान तीन ते चार मीटर रुंद करायचा आणि सातबाऱ्यावर 'इतर हक्कां'त त्यांची नोंद घ्यायचा निर्णय केला. सातबाऱ्यावर नोंद ही फार मोलाची गोष्ट आहे, ती व्हायलाच हवी होती. पण चार मीटर म्हणजे ट्रॅक्टर, मळणीयंत्र, ऊसाची गाडी. देशावर ते रास्त आहे. आमच्या उतारावर चार मीटरचा रस्ता काढायचा तर डोंगर कापावा लागेल आणि पायऱ्या जातील. आम्हाला चार मीटर नकोतच. पाच फूट द्या, पण लिहून द्या.

चालण्याच्या वाटांचा कायदा कसा असू शकतो हे बघायचं तर इंग्लंडकडे बघावं लागतं. तिथेही वाटा खासगी शेतांतून, कुरणांतून जातात. १९४९च्या कायद्यानं तिथल्या काउंटी परिषदांना अशा वाटांचे नकाशे करायला लावले, आणि नकाशावर आली ती वाट लोकांची, हे पक्कं झालं. ती बंद करता येत नाही असं नाही. १९८०च्या हायवेज ॲक्टमध्ये ११८वं कलम आहे, लोकांना वाटेची गरज उरलेली नाही असं परिषदेला वाटलं तर ती बंद करण्याचा आदेश काढता येतो. पण त्यासाठी वाटेच्या दोन्ही टोकांना नोटीस लावावी लागते आणि हरकतींसाठी किमान २८ दिवस द्यावे लागतात. हरकत आली की निर्णय वरच्या अधिकाऱ्याकडे जातो. त्याच कलमात एक पोटकलम आहे, ते मी पुन्हापुन्हा वाचलं. वाटेचा वापर कमी होण्याची कारणं तात्पुरती असतील तर ती हिशेबात धरायची नाहीत. म्हणजे कुणी तार घातली, झुडपं वाढू दिली, कुत्रा बांधला आणि माणसं यायची थांबली, तर 'बघा, कुणी येतच नाही' असं म्हणायची सोय नाही. किती साधी आणि किती न्यायाची गोष्ट! आमच्याकडे साकव मोडला आणि दोन वर्षं दुरुस्त झाला नाही, त्या दोन वर्षांत जी माणसं डांबरीकडे वळली, तीच आज 'वापर नाही' याचा पुरावा म्हणून पुढे केली जातात.

आता बाग विकत घेणाऱ्याबद्दल. त्याचं नाव-गाव मी लिहिणार नाही. पुण्याकडून आलेले, निवृत्त, जमीन रीतसर खरेदी केलेले गृहस्थ आहेत. भिंत घालण्याची त्यांची कारणं मी दोनदा बसून ऐकली आणि त्यांतलं एकही खोटं नाही. एप्रिल-मेमध्ये हापूस चोरीला जातो, राखण ठेवली तरी जातो. दुपारच्या वेळी त्यांची पत्नी घरात एकटी असते आणि अंगणातून अनोळखी माणसं जातात. मागच्या वर्षी कलमांखाली बाटल्या सापडल्या, फुटलेल्या. हे गावातल्याच पोरांनी केलं आणि गावानं त्यांना तेव्हाच कान धरून विचारायला हवं होतं. या सगळ्याच्या वर त्यांची खरी भीती निराळी आहे, ती त्यांच्या वकिलानं त्यांच्या डोक्यात घातली आहे. "आज जाऊ दिलंत तर उद्या वहिवाट सांगतील आणि जागा गेली समजा." ही भीती मी गावोगाव ऐकली आहे. ज्या कायद्यानं वाटसरूला हक्क दिला, त्याच कायद्याच्या धास्तीनं मालक माणुसकी दाखवायला कचरतो. जुना बागवाला अडवत नव्हता कारण त्याला वीस वर्षांचं कलम माहीत नव्हतं, असं मी म्हणणार नाही. त्याला वरच्या वाडीतली माणसं नावानिशी माहीत होती, हे मोठं कारण.

यावर एक उपाय आहे आणि तो कुणी सांगत नाही. लेखी परवानगीनं जो जातो, त्याच्या जाण्यातून हक्क तयार होत नाही. म्हणजे मालकाला जागेची धास्ती असेल तर त्यानं वाट बंद न करता लेखी परवानगी द्यावी, जागा त्याचीच राहते. पण मग आमचं काय? परवानगी मागे घेता येते. हे गृहस्थ चांगले आहेत, पण उद्या त्यांच्या मुलांनी बाग विकली तर नवा मालक कागद बघून म्हणेल, ही परवानगी माझी नव्हे. म्हणून आम्हाला हवा आहे तो नोंदणी केलेला दस्त. ठरावीक रुंदीची, ठरावीक जागेवरून जाणारी पायवाट लोकांना कायमची मोकळी, आणि त्याची सातबाऱ्याच्या इतर हक्कांत नोंद. जमीन त्यांचीच, आंबा त्यांचा, वाटेखालची मातीसुद्धा त्यांची. जाण्याचा हक्क तेवढा जमिनीबरोबर पुढे जाणारा.

त्यांनी आधी वाट वळवून द्यायची तयारी दाखवली होती. भिंतीच्या बाहेरून, बागेच्या कडेनं. वाट वळवायला माझी काही हरकत नाही. कलमांच्या मधून जायलाच हवं असा हट्ट कुणाचाही नाही. पण ती कड म्हणजे सुटी लाल माती आणि तीव्र उतार. जूनच्या पहिल्या पावसात तिथे शेळीसुद्धा उभी राहणार नाही. वळवलेली वाट पहिल्या वाटेइतकीच चालण्याजोगी हवी, नाहीतर तिला वळवणं म्हणू नये. तिथे चिऱ्याच्या पायऱ्या बांधायला किती खर्च येईल ते गवंड्याला विचारलं. त्यानं आकडा सांगितल्यावर त्यांनी आणि आम्ही, दोघांनीही, पहिलीच वाट बरी असं म्हटलं.

हे ठरलं त्या बैठकीला वरच्या वाडीतली काकी आली होती. तिला कुणी बोलावलं नव्हतं. बराच वेळ ओटीच्या कडेला बसून ऐकत होती. मग त्या गृहस्थांना म्हणाली, "भाऊ, तुमच्या आंब्याला मी आयुष्यात हात लावायची नाय. माझा सोमवार तेवढा बंद करू नका."

ते गडबडले. म्हणाले, "आजी, तुमच्यासाठी मी दर सोमवारी गाडी पाठवीन."

"गाडीचं नको. वाटेचं बघा."

त्यानंतर बोलण्याचा सूर बदलला. त्या एका वाक्यामुळे बदलला असं मी म्हणत नाही. त्यांना पालखीचं आमंत्रणही आधीच गेलं होतं, आणि शिमग्यात तार बाजूला करून त्यांनी स्वतः पालखीला वाट दिली होती, ओटी भरली होती. पण गाडी देणारा माणूस आणि वाट देणारा माणूस यांत फरक असतो, तो त्या दिवशी तिथे बसलेल्या सगळ्यांना समजला. गाडी त्यांची मर्जी असेल तोवर येईल. वाटेनं ती तिच्या पायांनी, तिच्या वेळेला जाईल, कुणाला फोन न करता.

'वापर कमी' म्हणून जे जे बंद होतं त्याची यादी माझ्या डोळ्यांसमोर आहे. पट कमी म्हणून शाळा, प्रवासी कमी म्हणून एसटीची फेरी. प्रत्येक वेळी उरलेली माणसं तीच असतात: म्हातारी, बायका, पोरं, आणि ज्यांच्याकडे गाडी नाही ती. त्यांची संख्या थोडी असते म्हणून त्यांची गरज थोडी असते का? उलट, ज्याला दुसरा पर्याय होता तो केव्हाच निघून गेला. आता जो चालतो आहे त्याला दुसरी वाटच नाही. वर्दळ घटते तशी उरलेल्या पावलांची गरज वाढत जाते, आणि नेमका तेव्हाच आपण हिशेब मांडून वाट बंद करतो. याची मला चीड येते, आणि ती मी लपवणार नाही.

ज्यांच्या गावात अजून भांडण लागलेलं नाही त्यांना एवढंच सांगते. सगळे एकमेकांशी बोलताहेत तोवर कागद करून घ्या. भूमिअभिलेखातून गावनकाशाची नक्कल काढा. त्यावर वाट असेल तर उत्तम. नसेल तर वाटेचे, साकवाचे, बेड्यांचे फोटो तारखेनिशी काढून ठेवा. गावातल्या वयस्कर माणसांचे जबाब लिहून घ्या, कारण वीस वर्षांची वहिवाट सांगणारी माणसं दरवर्षी कमी होताहेत. ग्रामसभेत ठराव करा आणि त्याची प्रत मागून घ्या. जमिनीचा व्यवहार होणार अशी कुणकुण लागली की खरेदी करणाऱ्याला आधीच गाठून वाट दाखवा. विकणारे आणि दलाल दाखवत नाहीत. आमच्या गृहस्थांना तर खरेदीच्या वेळी "ही बागेतलीच पायवाट, बागवाल्याच्या सोयीची" असं सांगितलं होतं. त्यांचा राग त्यामुळेही होता, आणि तो समजण्यासारखा होता.

सध्या खालचं बेडं जागेवर आहे. वरच्या बेड्याच्या जागी भिंतीत एक मोकळी फट ठेवली आहे, तिथे लोखंडी फिरतं फाटक बसवायचं ठरलं आहे. माणूस जाईल, गुरं जाणार नाहीत, आंब्याचा क्रेट घेऊन तर मुळीच जाता येणार नाही. ही कल्पना त्यांचीच. पालखीच्या आणि विसर्जनाच्या दिवशी ते पूर्ण उघडता यावं म्हणून त्याला बिजागऱ्या निराळ्या घ्याव्या लागतील, असं लोहार म्हणाला. १ मेच्या ग्रामसभेच्या पत्रिकेवर तेवीस नंबरच्या नोंदीचा विषय घेतला आहे. वरच्या बाजूच्या हिस्सेदारांपैकी बहुतेकांच्या सह्या झाल्या, मुंबईतल्या तिघांच्या राहिल्या आहेत, ते मे महिन्यात येतील. दस्ताच्या मसुद्यात रुंदी पाच फूट धरली आहे, त्यावर कुणाचा वाद नाही. अडलं आहे ते वेळेवर. त्यांचं म्हणणं, दिवेलागणीनंतर फाटकाला कुलूप. आमचं म्हणणं, आजारी माणूस वेळ बघून पडत नाही. वकिलांनी एक किल्ली पोलीसपाटलांकडे आणि एक वरच्या वाडीत ठेवायचा मार्ग सुचवला आहे. वरच्या वाडीतली किल्ली कुणाच्या घरी ठेवायची, यावर पुढच्या रविवारी बसायचं आहे.